निंबोरद्याचे तेवीस उंबरे

ही हकिगत २०२२ सालची. जानेवारीत सुरू झाली आणि श्रावणात कानबाईच्या रविवारी पूर्ण झाली. मी तेव्हा बहात्तर वर्षांची होते. डोळ्यांचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं आणि सुरतेतल्या डिंडोलीच्या आमच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, सुनेबरोबर साड्यांना लेस लावण्याचं काम करत होते. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल की म्हातारीला नीट दिसत नसेल. मी अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते.

माझं सासर निंबोरदे, तापीकाठचं. सोळाव्या वर्षी लग्न होऊन तिथे गेले आणि सहाच वर्षं राहिले. बहात्तर सालच्या पावसाळ्यात उकाईच्या धरणाचं पाणी चढत चढत आलं आणि गाव उठलं. आमच्या भाऊबंदकीची तेवीस घरं होती. कोणी धुळ्याला गेलं, कोणी नाशिकला, आम्ही सुरतेला आलो. नवऱ्याने उधन्यात लूम चालवला, मुलगा गजेंद्र पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये लागला. बाकीची घरं कुठे गेली, ते हळूहळू कोणालाच माहीत राहिलं नाही.

गाव गेल्याचं दुःख मी केव्हाच गिळलं होतं. रोट बंद पडल्याचं मात्र गिळता आलं नाही.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. आमची देवी कानबाई घरी बसते तेव्हा भाऊबंदकीतल्या माणसांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू काढतात. त्या गव्हाचा प्रसादाचा रोट होतो आणि तो फक्त भाऊबंदांनीच खायचा. बऱ्याच गावांत पुरुषांपुरतीच मूठ काढतात. आमच्याकडे घरात जेवढी ताटं तेवढ्या मुठी. जिवंत माणसाची एक जरी मूठ राहिली तरी रोट उष्टा. म्हणून पन्नास वर्षं आमच्या कुळात रोट झाला नाही. कोण कुठे आहे, किती आहेत, हेच ठाऊक नाही, तर मुठी मोजायच्या कशा? आणखी एक अट होती. पहिली मूठ गावात ज्याने टाकली होती त्यानेच ती परत टाकायची, मग पुढच्याला हात द्यायचा. असा माणूस एकच उरला होता, माझे जेठ, म्हणजे नात्याने थोरले दीर, लोटूभाऊ. वय शहाऐंशी, छातीत घरघर. डॉक्टरांनी दिवाळीच्या पुढचं काही बोलणं सोडून दिलं होतं.

माझी नात हर्षदा रिंगरोडच्या एका साडीवाल्याचं ऑनलाइनचं काम बघायची. फोटो टाकणे, व्हिडिओ टाकणे, कोणत्या वेळी टाकलं तर जास्त लोक बघतात याचा हिशोब ठेवणे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "तुमच्या त्या साड्या अमेरिकेपर्यंत जातात म्हणतेस. मग माझी माणसं नाशिकपर्यंत शोधून दे."

ती हसली. "साडीचा फोटो असतो, आजी. तुझ्याकडे गावाचा एक तरी फोटो आहे का?"

फोटो नव्हता. पण माझ्याकडे उंबरे होते.

आम्ही सुना नाकापर्यंत पदर ओढून चालायचो. सहा वर्षांत मी त्या गावातले चेहरे कमी पाहिले आणि उंबरे जास्त. कोणाचा सागवानी, कोणाचा दगडी, कोणाच्या उंबऱ्याला कुऱ्हाडीचा घाव, कोणाच्या शेजारी कुत्रं निजायचं, सगळं मला पाठ होतं. हर्षदा म्हणाली, "गावाचं एक पेज काढू. दर रविवारी एक उंबरा. तू सांग, मी लिहिते. खाली त्या घरातल्या सगळ्यांची नावं. नावावरून लोक शोधतात."

लोटूभाऊंना सांगायला गेले तेव्हा ते खाटेवर टेकून बसले होते. बहात्तराव्या वर्षीही त्यांच्यासमोर माझा पदर आपोआप पुढे येतो. ऐकून ते खोकत खोकत हसले.

"सुभद्रा, बठ्ठा गाव पानीमा गया, आते तू मोबाईलमा काढस का?"

"काढते. तुम्ही श्रावणापर्यंत थांबा म्हणजे झालं."

"मी कोठे जास? बस बी भेटत नही आते."

पहिला उंबरा सुपडूचा लिहिला. सागवानी, डाव्या कोपऱ्याला बैलाच्या शिंगाने पडलेली खोक. घरात चार माणसं. दुसऱ्या रविवारी सखुबाईचा. ती एकटीच राहायची आणि उंबऱ्यावर बसून निंबोळ्या फोडायची. लोक बघू लागले. धुळ्याहून कोणी लिहिलं, सुपडू आमचे आजोबा. मी त्या दिवशी साखर वाटली.

त्यानंतर हर्षदाने मला पेजच्या मागची बाजू दाखवली. तिथे एक तक्ता असतो. बघणारे कोणत्या शहरात राहतात आणि तिथून किती जण बघतात, ते त्यात दिसतं. सुरत, धुळे, नाशिक, नंदुरबार, पुणे. आणि सगळ्यात खाली, निंबोरदे. समोर आकडा, पाच.

"हे कसं आलं?" मी विचारलं.

"कोणीतरी प्रोफाइलमध्ये गावाचं नाव टाकलं असेल."

"इथे 'सध्या राहतात' असं लिहिलंय ना?"

तिने फोन जवळ घेतला, पुन्हा पाहिलं. "हो. पण हे नाव नकाशात नाहीच. नकाशात नसलेलं नाव ते घेतच नाही." मग खांदे उडवले. "काहीतरी गडबड असणार. चालसे."

मीही सोडून दिलं. तिसरा उंबरा मालतीबाईंचा होता, काळ्या दगडाचा, पावसात घसरडा व्हायचा. घरात सहा माणसं, मी सहाही नावं सांगितली. सोमवारी दुपारी लेस लावताना सहज म्हणून तक्ता उघडायला लावला. पाचाचे बारा झाले होते.

सुपडूकडची चार आणि सखुबाई एक, हे पाच. तेवढं मी मनात मोजलं होतं, खोटं का बोलू? पण पाच आणि सहा अकरा होतात. हिशोब चुकला म्हणून मला बरंच वाटलं. चुकला म्हणजे त्यात काही नाही. मी पुढची साडी घेतली. तिची किनार हिरवी होती. अर्धी लेस लागली आणि माझा हात थांबला.

मालतीबाईंना त्या शेवटच्या पावसाळ्यात मुलगा झाला होता. बाराव्याला नाव ठेवायचं होतं, अकराव्या दिवशी तो गेला. मीच बाळंतिणीला शेक द्यायला जायची. त्याला नाव नव्हतं, म्हणून पन्नास वर्षांत कोणी त्याला मोजलंच नव्हतं. मीसुद्धा.

तक्त्याने मोजलं होतं.

घरी कोणाला बोलले नाही. गजेंद्रला तसंही या उद्योगाचं हसू यायचं. "आई, पाण्यातलं गाव उकरून काय चिखल काढणार?" म्हणायचा. मी ठरवलं, घाबरायचं नाही, तपासायचं.

चौथा उंबरा लोटूभाऊंचा लिहिला. घरात आठ माणसं. आकडा आठाने वाढायला हवा होता. तो पाचानेच वाढला, बाराचे सतरा. तीन कमी.

मी बोटांवर नावं घेतली. त्या आठांपैकी लोटूभाऊ डिंडोलीत खाटेवर खोकत होते. त्यांची बहीण शोभा धुळ्यात होती. थोरला मुलगा नाशिकला रिक्षा चालवत होता. बाकीचे पाच गेलेले.

मग मला तक्ता वाचता आला. तिथे राहत होते ते सगळे गेलेले होते. जे कमी पडत होते ते अजून जिवंत होते.

अंगावर काटा आला, हे खरं. पण त्याच क्षणी माझ्या हातात केवढं मोठं काम आलं, तेही कळलं. आजवर मी अंधारात चाचपडत होते. आता घर लिहायचं, नावं टाकायची, सोमवारी आकडा बघायचा. सहा जणांचं घर आणि वाढ चारची, म्हणजे दोघं कुठेतरी आहेत, शोधा! हर्षदा मग व्हिडिओ करायची, गावोगावच्या खानदेशी मंडळांच्या पेजवर टाकायची, लोकांना जोडून घ्यायची. "आजी, तुला कसं कळतं की अजून दोघं आहेत म्हणून?" ती विचारायची. मी म्हणायची, "सोळा वर्षांची नवरी सगळं बघते, फक्त बोलत नाही." दोन महिन्यांत अकरा घरांची माणसं सापडली. वापीत एक निघाली, पुण्यात पाच. एक म्हातारी तर आमच्याच डिंडोलीत, दोन गल्ल्या सोडून, चाळीस वर्षं राहत होती. तिच्याकडून मी दळणाची चाळणी उसनी आणली होती एकदा! रस्त्यात गळ्यात पडून रडलो दोघी, रिक्षावाले हॉर्न वाजवत राहिले.

मे महिन्यात दगाचं घर आलं.

या घराचा विषय कोणी काढत नसे. गाव उठलं त्या दिवशी दगा, त्याची बायको कुसुम, त्याची आई आणि दोन मुलं शेवटच्या डोंगीत बसली. मध्यधारेत डोंगी उलटली. लोटूभाऊ काठावरून पाहत होते. माझ्यासमोर चार प्रेतं काठाला लागली. धाकटा हेमराज तीन वर्षांचा होता, तो मिळालाच नाही. पाच जणांचं घर संपलं, असं सगळ्यांनी धरलं.

मी पाच नावं लिहायला लावली. रविवारी आकडा बावन्न होता. सोमवारी छप्पन्न.

मी दिवसभर फोन बंद करून उघडत राहिले. छप्पन्नच.

दुसऱ्या दिवशी लोटूभाऊंकडे गेले. "भाऊ, दगाचा हेमराज जिवंत आहे. त्याची मूठ काढल्याशिवाय रोट होणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे.

"मी सोता त्यासले अग्नी दिन्ही. चार जनसले. पाचवा नदीनी लिन्हा."

"नदीने परत दिला असेल."

"कोनी सांगं तुले?"

मी पदर सारखा केला. ते भिंतीकडे वळून म्हणाले, "त्यानी मूठ राही गई तर मन्हा हातनं रोट उष्टा व्हई. मंग मी काढाव नही. पोऱ्या सापडू दे, नहीतं राहू दे." म्हणजे मीच स्वतःच्या तोंडाने सगळं अडकवून आले होते. गप्प बसले असते, तर त्या श्रावणात रोट झाला असता.

घरी आल्यावर गजेंद्र चिडला. "मेलेल्या पोरासाठी जिवंत म्हाताऱ्याची शेवटची इच्छा घालवलीस!" हर्षदा मात्र माझ्याशेजारी खाली बसली. फोन माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "खरं सांग. या तक्त्यावरून ना?"

मी मान हलवली. ती मघाशीच सगळे आकडे मोजून आली होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती रडली नाही, पळाली नाही. म्हणाली, "आजी, आपली चूक होतेय. सगळं मराठीत टाकतोय. तीन वर्षांचं पोर नदीतून वाहत खाली गुजरातेत आलं असेल, तर ते मराठी वाचतं कशावरून?"

तिने दगाचा उंबरा पुन्हा केला. माझा आवाज, खाली गुजराती अक्षरं. सुरत, तापी, भरूच या जिल्ह्यांतच दाखवायचं, पंचेचाळीस ते साठ वयाच्या माणसांना आणि त्यांच्या मुलांना. एक गोष्ट मी मुद्दाम सांगितली नाही. खोटे दावेदार आले तर ओळखायला काहीतरी राखून ठेवायला हवं. कुसुमने उंबऱ्याच्या ओल्या मातीत फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे मासळीच्या आकारात दाबले होते. हे मी कोणाला बोलले नव्हते. हर्षदालाही नाही.

चौदा दिवस कामाचं काही आलं नाही. दोन लबाड आले, त्यांना मी दोन प्रश्नांत घालवलं. पंधराव्या दिवशी दुपारी कतारगामहून एका मुलीचा फोन आला. तिचं नाव प्रियांका. "मारा पप्पा तमारी साथे वात करशे," म्हणाली.

मग एक जड, बिचकलेला आवाज. "माजी, एक पूछवुं छे. ए उंबरामां लीली बंगडीना टुकडा हता?"

माझ्या हातातून लेसचं रीळ सुटलं आणि गडगडत दारापर्यंत गेलं.

"हो," मी म्हटलं. "मासळी होती."

 पलीकडे तो माणूस ओक्साबोक्शी रडू लागला. एका नावाड्याने त्याला काढलं होतं, वाढवलं होतं, चौदाव्या वर्षी कतारगामात हिऱ्याच्या कारखान्यात घातलं होतं. आईचा चेहरा आठवत नव्हता, भाषा आठवत नव्हती. बोटाने त्या हिरव्या काचा उकरल्याचं तेवढं आठवत होतं.

लोटूभाऊंनी त्याला पाहिलं, त्याचे कान चाचपले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "दगानाच कान शेतस." पुढे म्हणाले, "गहू निवडाले घ्या."

सात ऑगस्टला, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आमच्या सोसायटीच्या मोकळ्या जागेत मांडव पडला. दोनशे अठरा ताटं. नाशिकहून दोन गाड्या भरून आल्या, पुण्याचे ट्रेनने आले. लुगडी, जीन्स, ड्रेस, सगळं एका रांगेत. कानबाईला नथ घातली, फुलोरा बांधला. नाशिकच्या पोरी फुगडी घालताना म्हणत होत्या, "आजी, तुम्ही तर आमच्यापेक्षा फेमस!" मी म्हटलं, "मग पाया पडा आणि एक लाइक द्या." सगळा मांडव हसला. पन्नास वर्षांत मी एवढी मान वर करून चालले नव्हते.

ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी हर्षदाने सगळं थेट दाखवायला लावलं. फोन एका खांबाला बांधला.

गजेंद्रने लोटूभाऊंना उचलून पाटावर बसवलं.  हेमराज शेजारी.

लोटूभाऊंनी पहिली मूठ भरली.

फुगड्या थांबल्या.

"निंबोरदे," ते म्हणाले. घरघर नव्हती. आवाज स्वच्छ, तरण्या माणसाचा.

मूठ सुपात पडली. मग सव्वाची उरलेली चिमूट. मग त्यांनी हेमराजचा हात धरला.

हर्षदा माझ्याजवळ आली. तोंड पांढरं.

"आजी, लाइव्ह बघ."

बघणारे तीनशेवर होते. ती खालचा तक्ता दाखवत होती. निंबोरदे, एक्क्याण्णव.

"बाकी सगळे येतात, जातात," ती हळू म्हणाली. "हे एक्क्याण्णव सुरुवातीपासून आहेत. एकही हलला नाही."

बावीस घरांची गेलेली माणसं मी मोजली होती. एक्क्याण्णवच.

मी फोनकडे पाहिलं, खांबाला बांधलेला, काळा, गप्प. मी पदर पुढे ओढला आणि वाकून नमस्कार केला. सासरच्या माणसांना करतात तसा.

मुठी टाकून व्हायला दीड तास लागला. शेवटची पडली, आणि लाइव्हवरचा निंबोरद्याचा आकडा शून्यावर आला. एकदम.

रोट पुरला. एक घास उरला नाही.

लोटूभाऊ धनत्रयोदशीला गेले, झोपेत. त्यांच्या घरून निरोप यायच्या आधीच मला पेजच्या तक्त्यात ब्याण्णव दिसले होते, त्यामुळे मी गॅसवरचं दूध उतरवून बसले होते. हेमराज अजून कतारगामातच आहे. दर रविवारी येतो, कळण्याची भाकरी खातो, आणि आता अहिराणीत शिव्या देतो, गुजराती हेल काढून. प्रियांकाचं लग्न नंदुरबारला झालं. गजेंद्र, जो हसायचा, तोच पेज सांभाळतो. त्यावर आता एक्केचाळीस हजार लोक आहेत आणि दोन गावांच्या मंडळांनी आमच्याकडे शिकायला माणसं पाठवली. रोटाची पहिली मूठ आता हेमराज टाकतो. हर्षदाने नोकरी सोडली, स्वतःचं ऑफिस काढलं, घरी बसून साड्या विकणाऱ्या बायकांची पेजं करून देते. तक्ता मात्र तिने आपल्या फोनवरून काढून टाकला. बघायचा असेल तर मी माझ्याच फोनवर बघते. शोभा गेल्या वर्षी गेली, नाशिकची दोघं त्याआधी. पंच्याण्णव.

बावीस उंबरे लिहून झाले होते. तेविसावा आमचा. लोक विचारायचे, आजी, तुमचं घर कधी? स्वतःच्या उंबऱ्याकडे सून बघत नाही, तो नुसता ओलांडायचा असतो, म्हणून मी टाळत होते. गेल्या रविवारी लिहिला. माझी मीच, एका बोटाने टाइप करून. कडुलिंबाचा, मधोमध झिजलेला, हळदीचा डाग कधी न गेलेला. खाली नावं टाकली. सासरे, सासू, आतेसासू, दीर, मालक, मी.

सोमवारी सकाळी चहा ठेवला आणि तक्ता उघडला. मी सोडून बाकीचे पाचही गेलेले, म्हणजे पंच्याण्णवाचे शंभर व्हायला हवे होते.

एकशे एक झाले होते.